वाळवंटातला तंबू सिनेमा आणि बक्षिसाची पांढरी सांडणी

जत्रेतला सिनेमा तुम्ही कधी पाहिलाय? नसेल, तर घरातल्या आजी-आजोबांना विचारून बघा. दिवसा देवदर्शन, संध्याकाळी भेळ-रेवड्या आणि अंधार पडला की गावाबाहेरच्या मोकळ्या रानात उभारलेला तो भला मोठा तंबू. शेजारी ट्रक, ट्रकच्या पोटात प्रोजेक्टर, जनरेटरची घरघर, जमिनीवर मांडी घालून बसलेलं अख्खं गाव. रीळ तुटलं की शिट्ट्या, पुन्हा सुरू झालं की टाळ्या. महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाचा सुंदर माहितीपट केला. २०१६ मध्ये तो कानच्या महोत्सवात दाखवला गेला.

आता हाच देखावा मनातल्या मनात उचला आणि थेट सहारा वाळवंटात नेऊन ठेवा. नजर जाईल तिकडे दगडगोटे आणि वाळू. मधोमध एक लांबलचक मालट्रक उभा आहे आणि त्याच्या कुशीवर पांढरा पडदा ताणलेला आहे. समोर वाळूवर सतरंज्या पसरल्यात. रंगीबेरंगी मेल्फा (नऊवारीसारखं अंगभर गुंडाळायचं तिथल्या बायकांचं वस्त्र) नेसलेल्या आया-आज्या, त्यांच्या मांडीवर पोरं, मागे उभे राहिलेले तरुण. वर चांदण्यांनी गच्च भरलेलं आभाळ. हा फिसहारा. निर्वासितांच्या छावणीत भरणारा चित्रपट महोत्सव. आणि त्याचं पहिलं बक्षीस काय असतं, माहीत आहे? खरीखुरी, जिवंत, पांढरी सांडणी!

सांडणी म्हणजे उंटाची मादी. शिवकाळातले सांडणीस्वार तुम्ही शाळेत वाचले असतील, तीच. आता ऑस्करची बाहुली कपाटात ठेवता येते, पण सांडणी विमानात कशी बसवणार? म्हणून जिंकणारे दिग्दर्शक ती छावणीतल्या लोकांनाच परत देऊन टाकतात. बक्षीस गावातच राहतं, दूधही गावातच राहतं. मला तर ही पद्धत जगातल्या सगळ्या पुरस्कारांपेक्षा शहाणपणाची वाटते.

पण हे लोक वाळवंटाच्या मध्यावर छावणीत का राहतात? आणि ज्यांना पाणीसुद्धा मोजून मिळतं, त्यांना सिनेमाचा महोत्सव कशाला हवा? यातल्या दुसऱ्या प्रश्नासाठीच हा लेख लिहायला घेतला. पण त्याआधी पहिल्याचं उत्तर द्यावं लागेल.

ढगांची लेकरं

आफ्रिकेच्या नकाशात वायव्य कोपऱ्यात, मोरोक्कोच्या खाली, अटलांटिक समुद्राला लागून एक पट्टी दिसेल. पश्चिम सहारा. पुष्कळ नकाशांत तिची सीमा तुटक रेषेने काढलेली असते, कारण ती कोणाची याचा निकाल अजून लागलेला नाही. इथले मूळ लोक सहरावी. हसानिया ही अरबीची एक बोली बोलणारे, उंट आणि शेळ्या घेऊन फिरणारे. ते स्वतःला ‘ढगांची लेकरं’ म्हणवतात, कारण जिकडे पावसाचा ढग दिसेल तिकडे तंबू हलवायचा, असं त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं जगणं. पावसाची वाट पाहणं म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

हा प्रदेश स्पेनची वसाहत होता. १९७५ मध्ये स्पेन निघायच्या बेतात असताना मोरोक्कोच्या राजाने साडेतीन लाख नागरिकांचा मोर्चा सीमेपार धाडला. हातात झेंडे आणि कुराण, शस्त्र एकही नाही. इतिहासात तो ‘हरित मोर्चा’ म्हणून ओळखला जातो आणि मोरोक्कोत आजही त्याचा अभिमानाने सण साजरा होतो. पण त्याच सुमारास मोरोक्कोचं सैन्यही आत शिरलं होतं. इथे जरा थांबून विचार करण्यासारखं आहे. हातात शस्त्र नसणं आणि अहिंसा या दोन गोष्टी एकच नव्हेत.

पुढे सोळा वर्षं युद्ध चाललं. एका बाजूला मोरोक्को (सुरुवातीला मॉरिटानियाही), दुसऱ्या बाजूला पोलिसारिओ ही सहरावींची संघटना. हवाई हल्ल्यांतून जीव वाचवत हजारो कुटुंबं पूर्वेकडे अल्जीरियात पळाली आणि तिंदूफ या गावाजवळच्या ओसाड पठारावर तंबू ठोकून राहिली. आठ-पंधरा दिवसांची गोष्ट आहे, असं तेव्हा अनेकांना वाटलं होतं. आज त्या तंबूंत तिसरी-चौथी पिढी वाढते आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेने २०१८ मध्ये सांगितलेला आकडा १ लाख ७३ हजारांच्या वर होता.

या लोकांनी छावण्यांना नावं दिली ती मागे राहिलेल्या आपल्या शहरांची: लायून, स्मारा, औसेर्द, बुजदूर, दाखला. पुरुष आघाडीवर गेले होते, म्हणून छावण्या उभारल्या त्या बायकांनी. मातीच्या विटा पाडल्या, शाळा सुरू केल्या, दवाखाने चालवले, धान्याचं वाटप सांभाळलं.

१९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने शस्त्रसंधी झाली. अट एकच होती. लोकांचं सार्वमत घ्यायचं: स्वतंत्र व्हायचं की मोरोक्कोत राहायचं? मतदार कोणाला म्हणायचं यावरून वाद झाला आणि ते सार्वमत आजवर झालेलंच नाही. मोरोक्को म्हणतो हा भाग मुळात आमचाच आहे, फार तर स्वायत्तता देऊ. मधोमध सुमारे २,७०० किलोमीटर लांबीची वाळू-दगडांची भिंत उभी आहे आणि तिच्या कडेने भूसुरुंग पेरलेले आहेत.

आपला या भांडणाशी काही संबंध? थोडा आहे. भारताने १९८५ मध्ये सहरावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली होती आणि २००० मध्ये ती मागे घेतली. आपल्या शेतातल्या खतासाठी लागणारं फॉस्फेट आपण मोरोक्कोकडून मोठ्या प्रमाणावर घेतो. पश्चिम सहाराच्या जमिनीखालीही फॉस्फेटचे मोठे साठे आहेत. एवढं सांगून पुढे जाऊ.

पडदा लागला कसा?

बंदुका शांत झाल्या, पण जग या लोकांना विसरलं. टीव्हीवर दाखवायला रोज नवा बॉम्ब लागतो. शांतपणे वाट पाहणाऱ्यांची बातमी होत नाही. अहिंसेने चालणाऱ्या प्रत्येक चळवळीची ही मोठी अडचण असते, मग ती कुठलीही असो.

अशा वेळी, २००३ मध्ये, पेरू देशातले माहितीपटकार हावियेर कोर्कुएरा आणि त्यांचे स्पेनमधले चित्रपटवाले मित्र सहरावींच्या साथीने कामाला लागले. त्यांनी ठरवलं, सिनेमा छावणीत न्यायचा. बाहेरच्यांनी येऊन निर्वासितांवर सिनेमा काढायचा आणि युरोपात नेऊन दाखवायचा, हे नेहमीचंच. इथे उलट होतं. प्रेक्षक निर्वासित आणि पाहुणे बाहेरचे.

बरीच वर्षं हा महोत्सव दाखला छावणीत भरला. ती सर्वांत लांबची छावणी. माद्रिदहून विमानाने तिंदूफ, तिथून पुढे गाड्यांचा तांडा रात्रीच्या अंधारात वाळवंट तुडवत जायचा. तिथे हॉटेल कुठून असणार? पाहुणे राहतात ते घराघरांतच. ज्या कुटुंबाच्या तंबूत तुमची पथारी पडेल, तेच कुटुंब आठवडाभर तुम्हाला जेवू-खाऊ घालणार. स्पॅनिश नट हावियेर बार्देम २००८ मध्ये असाच तिथे जाऊन राहिला. परतल्यावर तो गप्प बसला नाही. त्याने निर्मिती केलेला ‘ढगांची लेकरं’ याच अर्थाच्या नावाचा माहितीपट २०१२ मध्ये आला आणि त्याला स्पेनचा मानाचा गोया पुरस्कार मिळाला.

तिथल्या चहाबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सहरावी घरात चहाचे तीन पेले घ्यायचे असतात. पहिला आयुष्यासारखा कडू, दुसरा प्रेमासारखा गोड, तिसरा मरणासारखा हलका, असं ते सांगतात. तिन्ही पेले व्हायला सहज तासभर लागतो. मध्येच उठलात तर यजमानाला वाईट वाटणार. आपल्याकडे ‘चहा घेतल्याशिवाय जायचं नाही हं’ म्हणणाऱ्या काकू असतात ना? त्यांना तिथे पहिल्या दिवशीच मैत्रिणी मिळतील.

दिवसा मुलांसाठी कार्यशाळा, सर्कशीचे खेळ, उंटांच्या शर्यती. संध्याकाळ झाली की ट्रकचा पडदा उजळतो. काय दाखवतात? सगळंच. मुलांसाठी कार्टून, हसवणारे सिनेमे, गाण्याबजावण्याचे सिनेमे आणि त्यांच्या जोडीला जगभरच्या लोकलढ्यांचे माहितीपट. नुसत्या गंभीर सिनेमांवर कुठलाच महोत्सव तग धरत नाही आणि हे आयोजकांना चांगलं कळलेलं दिसतं. दुःखात असलेल्या माणसाला हसायचाही हक्क असतो. मदत पाठवणाऱ्यांच्या यादीत तांदूळ, पीठ, तेल, साखर असतं. हसू त्यात नसतं.

बत्तीस दिवसांचं उपोषण

फिसहाराच्या पडद्यामागे जी चळवळ आहे, तिचा चेहरा शोधायचा तर अमिनातू हैदर यांच्यापाशी थांबावं लागतं. त्या छावणीतल्या नाहीत. भिंतीच्या पलीकडे, मोरोक्कोच्या ताब्यातल्या लायून शहरात राहतात. १९८७ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर असताना, निदर्शनांच्या काळात त्यांना पकडलं आणि जवळपास चार वर्षं गायब केलं. त्या कुठे आहेत, जिवंत आहेत की नाहीत, घरच्यांना काही कळलं नाही. सुटल्यावर त्यांनी हातात दगडसुद्धा घेतला नाही. शांततेच्या मार्गानेच बोलत राहिल्या.

नोव्हेंबर २००९. अमेरिकेत एक पुरस्कार स्वीकारून त्या घरी परतत होत्या. लायूनच्या विमानतळावर भरायच्या कागदावर त्यांनी देशाच्या रकान्यात लिहिलं: पश्चिम सहारा. बस्स, एवढंच. अधिकाऱ्यांनी पासपोर्ट काढून घेतला आणि त्यांना विमानात बसवून स्पेनच्या लांझारोते बेटावर पाठवून दिलं. हैदरबाई तिथल्या विमानतळावरच बसल्या आणि उपोषण सुरू केलं. मागणी एकच, मला माझ्या घरी, माझ्या मुलांकडे जाऊ द्या. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व देऊ केलं गेलं, त्यांनी नाकारलं. एक, दोन, दहा, वीस दिवस. उठून बसणंही कठीण झालं. जगभरातून दबाव आला आणि ३२ दिवसांनी त्यांना घरी जाऊ दिलं.

वर्तमानपत्रांनी त्यांना ‘सहरावी गांधी’ म्हटलं. २०१९ मध्ये त्यांना ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला. आपल्याला मात्र हे वाचताना १९४७ च्या मे महिन्यातलं पंढरपूर आठवावं. विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी तिथे उपोषणाला बसले होते आणि मंदिर खुलं झालं. स्वतःचं शरीर पणाला लावून दुसऱ्याच्या मनाचं दार ठोठावायचं, हे हत्यार जुनंच. वाळवंटातल्या एका आईने ते विमानतळाच्या फरशीवर बसून वापरलं.

आणि कॅमेरा? तोही याच लढ्यातला. लायूनमध्ये ‘एकिप मीडिया’ नावाचा तरुणांचा गट आहे. रस्त्यावर निदर्शनं होतात तेव्हा हे लोक घरांच्या गच्च्यांवर लपून चित्रण करतात, कारण कॅमेरा दिसला की तो हिसकावला जाण्याची भीती. त्यांच्या माहितीपटाचं नावच आहे ‘थ्री स्टोलन कॅमेराज’, म्हणजे चोरीला गेलेले तीन कॅमेरे. तो २०१७ मध्ये आला. आपण लग्नात, सहलीत, जेवणाच्या ताटावर मोबाइल धरतो. तिथे तोच मोबाइल धरण्यासाठी तुरुंगाची तयारी ठेवावी लागते.

मग उपयोग झाला का?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझ्याही आला. प्रामाणिक उत्तर द्यायचं तर, सार्वमत झालं नाही. भिंत जागेवर आहे.

शांततेचे प्रयत्नही प्रत्येक वेळी शांततेत संपले नाहीत. ऑक्टोबर २०१० मध्ये लायूनबाहेर गदेम इझिक इथे हजारो सहरावींनी तंबू ठोकले. मागण्या साध्या होत्या: नोकऱ्या, घरं, बरोबरीची वागणूक. ८ नोव्हेंबरला पहाटे सुरक्षा दलांनी ती वस्ती मोडून काढली आणि त्या दिवशी दोन्ही बाजूंची माणसं मेली. मोरोक्कोच्या सुरक्षा दलांतलेच ११ जण होते. इतके दिवस शांत राहिलेलं आंदोलन एका सकाळी रक्तात भिजलं. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये गेर्गेरात नाक्यावरच्या रस्ता रोको आंदोलनावरून ठिणगी पडली, पोलिसारिओने शस्त्रसंधी संपल्याचं जाहीर केलं. एकोणतीस वर्षांनी पुन्हा लढाई सुरू झाली. छावणीतल्या कित्येक तरुणांनी त्या बातमीचं स्वागत केलं. ज्या मुलाचा जन्म तंबूत झाला, ज्याच्या बापाचं तारुण्य तंबूत गेलं, तो जर म्हणाला की ‘वाट पाहून काय मिळालं?’, तर त्याला घाईघाईने उत्तर देऊ नये. माझ्याकडेही ते नाही.

पण एका गोष्टीकडे बघा. २०११ मध्ये या महोत्सवातूनच छावण्यांत चित्रपट शिकवणारी शाळा सुरू झाली. छावणीतली मुलं-मुली तिथे कॅमेरा धरायला, आवाज मुद्रित करायला, संकलन करायला शिकतात. पुढच्या महोत्सवांत पडद्यावर त्यांचेच लघुपट आले. आजीच्या आठवणी, शेळ्यांच्या गोष्टी, सुरुंगात पाय गमावलेल्या शेजाऱ्याची गोष्ट. पूर्वी त्यांचा चेहरा दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात यायचा, आता कॅमेरा त्यांच्या हातात आला. बक्षिसाच्या सांडणीपेक्षा हे मोठं, असं मला वाटतं. महामारीत महोत्सव थांबला होता, लढाईही सुरू झाली होती. तरी २०२२ मध्ये तो पुन्हा भरला.

दाखला हे मूळ शहर समुद्रात घुसलेल्या एका चिंचोळ्या जमिनीवर आहे, दोन्हीकडे पाणी आणि मासेमारीची बंदरं. दाखला छावणीत समुद्राचा मागमूस नाही. काही मुलांना उन्हाळ्यात स्पेनमधली कुटुंबं दोन महिने पाहुणे म्हणून घेऊन जातात, त्यांना तिथे समुद्र दिसतो. बाकीच्यांनी तो पाहिला तो ट्रकच्या कुशीवर.

तुमच्या अंगणातला पडदा

हे सगळं वाचून ‘आपल्याकडेही असं काही करावं’ असं वाटलं, तर ते अवघड नाही. तुम्ही इंदूरच्या कॉलनीत असा, बडोद्याच्या महाराष्ट्र मंडळात असा की बंगळूरच्या एखाद्या सोसायटीत. भाड्याने प्रोजेक्टर, एक बरा स्पीकर, स्वच्छ पांढरी चादर आणि गच्ची एवढं पुरतं. वीज गेली तर काय, एवढा विचार मात्र आधी करून ठेवा.

सिनेमे कोणते? १९४१ चा प्रभातचा ‘शेजारी’ घ्या. एक हिंदू आणि एक मुसलमान, जिवाभावाचे शेजारी आणि धरणासाठी गावची जमीन हवी म्हणून त्यांच्यात फूट पाडणारा माणूस. व्ही. शांतारामांनी हा सिनेमा फाळणीच्या सहा वर्षं आधी केला होता. नर्मदा खोऱ्यातल्या आंदोलनावर आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांची ‘अ नर्मदा डायरी’ (१९९५) आहे, तासाभराची. बाहेरचं बघायचं तर ‘बुद्रुस’ (२००९). पॅलेस्टाइनमधल्या एका खेड्यातून कुंपण जाणार, ऑलिव्हची झाडं तुटणार, म्हणून गावकरी निःशस्त्र उभे राहतात. पंधरा वर्षांची एक मुलगी बुलडोझरसमोर उडी घेते, तिच्या मागे बाया येतात, मग इस्रायली मित्रही येतात. शेवटी कुंपणाचा मार्ग बदलावा लागतो. आणि लायबेरियातल्या बायकांचा ‘प्रे द डेव्हिल बॅक टू हेल’ (२००८) महिला मंडळाने तर बघायलाच हवा. ख्रिस्ती आणि मुस्लिम बायका पांढरे कपडे घालून मासळी बाजाराजवळच्या मैदानात रोज बसून राहिल्या आणि यादवी युद्ध थांबायला भाग पाडलं. त्यांच्या नेत्या लेमा बोवी यांना २०११ चं शांततेचं नोबेल मिळालं. यात युद्धाची भीषण दृश्यं आहेत, लहान मुलांना त्या दिवशी नको.

एक सूचना. आपल्या मोबाइलवरच्या ओटीटीची वर्गणी घरापुरती असते. सार्वजनिक खेळासाठी निर्मात्याची परवानगी लागते. माहितीपटवाल्यांना सरळ ईमेल लिहा, प्रेक्षक किती, तिकीट आहे की नाही ते सांगा. छोट्या विनामूल्य खेळांना पुष्कळ जण आनंदाने हो म्हणतात. एका संध्याकाळी एकच सिनेमा ठेवा, आधी मुलांसाठी दहा-पंधरा मिनिटांचं काहीतरी हलकंफुलकं. सिनेमा संपल्यावर लगेच दिवे लावून भाषण सुरू करू नका. चहा फिरवा, लोक आपोआप बोलायला लागतील. तीन पेले जमले नाहीत तरी एक तरी हवाच.

आणि सुरुवात कोणी करायची हे ठरत नसेल, तर इमारतीतल्या सर्वांत वयस्कर माणसाला पुढे बसवा आणि जत्रेतल्या तंबू सिनेमाची आठवण सांगायला लावा. तोवर प्रोजेक्टर जुळवून होतो.